मोठ्या जावेचं यकृत

"अठरा पूर्णांक चार. परवा अठराच होते. नुसता वारा खाऊन कोणाच्या यकृताला चरबी चढत नाही, बाई."

उज्ज्वलाताई हे कोणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या. परात खाली ठेवायच्या निमित्ताने त्या हेमांगीच्या कानाशी वाकल्या आणि वाकल्या वाकल्या पुटपुटल्या, इतकंच. मग फोन कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी खोचून त्या खापराखालची लाकडं सारखी करायला गेल्या.

हेमांगी पुरण घोटत राहिली. सकाळपासून तिच्या पोटात अर्धी भाकरी, वाटीभर बिनफोडणीची मुगाची डाळ आणि सहा गोळ्या गेल्या होत्या. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण या घरात तिला विचारायची पद्धत बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. तिच्या पोटालाच परस्पर विचारायची सोय झाली होती.

फैजपूरच्या भिरूडांचे मांडे म्हणजे पंचक्रोशीतल्या लग्नांचा मान. खापरावरची पुरणपोळी. कणकेच्या सैल गोळ्यात पुरण भरायचं, तो गोळा हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि उलट्या मडक्यासारख्या तापलेल्या खापरावर अलगद सोडायचा. कणीक मळायला यंत्र आलं, डाळ वाटायला आलं, लग्नांत वाढायला चाकांवरचे वाढपी आले. हातावरचा मांडा खापरावर सोडणारं यंत्र मात्र कोणाला जमलं नव्हतं. भिरूडांकडे ते दोघी जावा करत. पुरण हेमांगीचं, खापर उज्ज्वलाताईंचं.

हेमांगीच्या पुरणाची ख्याती होती. आधी ती चिमूटभर पुरण जिभेवर ठेवायची, एक डोळा मिटायची आणि सांगायची, अजून दोन मुठी गूळ. गुळाची प्रत्येक ढेप वेगळी असते. कधी खारट, कधी नुसतीच रंगाला. ते जिभेलाच कळतं. ऑपरेशननंतर जीभ बंद झाली. आता ती बोटाने चाचपून आणि डोळ्यांनी रंग बघून पुरण उतरवत असे. पुरण उतरलं की पातेलं उज्ज्वलाताईंकडे जाई, आणि त्या सगळ्यांकडे पाठ करून त्यात एकदा पळी फिरवत. हेमांगी ते पाही. तिला वाटे, किती पुरण कमी झालं ते ताई मोजून बघतायत.

*

कावीळ झाली तेव्हा उन्हाळा होता. सासूबाईंनी, म्हणजे घरच्यांच्या भाषेत आत्याबाईंनी, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका माणसाकडून झाडपाल्याचं औषध आणवलं आणि आठ दिवस स्वतःच्या हाताने पाजलं. नवव्या दिवशी हेमांगीने नवऱ्याला, परागला, विचारलं की तुम्ही कोण. त्या औषधाचं नाव त्या दिवसानंतर घरात कोणी काढलं नाही. न काढायच्या गोष्टींसाठी या घरात पुष्कळ जागा होती.

नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी तीन दिवस दिले. तीन दिवसांत यकृत बदललं तर बाई राहील. परागचा आणि त्याच्या बहिणीचा रक्तगट जुळेना, मुलगी अठराच्या आतली, आत्याबाई वयाने बाद. उरल्या उज्ज्वलाताई. एकावन्न वर्षांच्या, मूलबाळ नाही, नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला. त्यानंतरही त्या या घरातच होत्या, पण कोणत्या नात्याने होत्या याचं उत्तर हळूहळू पातळ होत चाललं होतं. माहेरी जाऊन राहायला काय हरकत आहे, असं आत्याबाई अधूनमधून हवेत सोडून देत.

त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात आत्याबाईंनी एकच वाक्य म्हटलं. हेमांगी तेव्हा शुद्धीत नव्हती. वॉर्डातल्या मावशींनी तिचे केस विंचरताना ते तिला मागाहून सांगितलं, अगदी सहज, काल किती ऊन होतं असं सांगावं तसं. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "धाकटीच्या मागे पोरगी आहे, नवरा आहे. मोठीच्या मागे कोण आहे?"

उज्ज्वलाताईंचं साठ टक्के यकृत काढून हेमांगीला बसवलं.

मग गावाने काय ते कौतुक केलं. बसस्टँडवर फलक लागला. जावेने जावेला दिलेलं जीवदान. त्यावर उज्ज्वलाताईंचा पुरुषभर उंच फोटो आणि खाली कोपऱ्यात हेमांगीचा, पार्सल मिळाल्याच्या पोचपावतीसारखा. महिला मंडळाने शाल दिली, नारळ दिला. हळदीकुंकवाला ज्यांना कोणी बोलावत नव्हतं त्यांना सत्काराला बोलावू लागले. आणि एके दिवशी आत्याबाईंनी कोठीच्या किल्ल्या स्वतः काढून मोठीच्या हातात दिल्या. माहेरी जाण्याचं पुन्हा कोणी बोललं नाही.

हेमांगीला हे सगळं मनापासून आवडलं होतं. ताईंना किल्ल्या शोभत होत्या.

*

नव्या यकृतासोबत तिच्या पोटात आणखी एक वस्तू बसवली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं, लोक तिला साक्षी म्हणत. शरीराच्या उबेवर चालायची. यकृतात बारीक प्रकाश सोडायची आणि तो कसा परत येतो त्यावरून सांगायची, इथे चरबी किती, साखर किती, मांस मऊ आहे की घट्ट होत चाललंय. रुग्णाने काय खाल्लं ते साक्षीला कळत नसे. तिला फक्त साठलेलं दिसे. पण लोकांना साठलेलं दिसलं की खाल्लेलं दिसल्यासारखंच वाटतं.

साक्षीचे आकडे डॉक्टरांना जात, रुग्णाला जात आणि दात्यालाही जात. हा नियम नवा होता. रुग्ण डॉक्टरांशी खोटं बोलतो, बायकोशी बोलतो, स्वतःशी तर बोलतोच. पण ज्याने पोट कापून दिलं त्याच्याशी बोलायला जीभ रेटत नाही, असं संशोधनात आढळलं म्हणे. दात्याची नजर असली की दिलेलं यकृत जास्त वर्षं टिकतं. बऱ्याच घरांत तसं झालंही असेल.

अवघड भाग ऑपरेशन नसतो, तो नंतर सुरू होतो. शरीर परक्या अवयवाला ओळखतं आणि हुसकून लावायला बघतं. ते तसं करू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्यायच्या. त्या गोळ्या शरीराची राखण ढिली करतात, आणि जाता जाता बाकीचंही विस्कटून ठेवतात. साखर वाढते, रक्तदाब वाढतो, काही गोळ्यांनी भूक अशी लागते की भिंत खावी. जीव वाचलेली काही माणसं पाच-सात वर्षांत मधुमेहाने नाही तर हृदयाने जातात, हे डॉक्टर घरी सोडताना छापील कागदावर देतात. केळीच्या गावात राहून हेमांगीला केळंसुद्धा बंद होतं, कारण त्यातलं पोटॅशियम त्या गोळ्यांना चालत नाही.

तिने सगळं पाळलं. पहिल्या सहा महिन्यांत चरबी नऊ टक्के, मग बारा, मग पंधरा.

पहिल्यांदा घरच्यांनी चेष्टा केली. मग डबे मोजले. मग पराग सकाळी तिच्या तोंडाचा वास घेऊ लागला. दारुड्याचा घेतात तसा. ती चहा गाळत असे, तो मागून येई, हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवी आणि हुंगे. वेलदोड्याचा वास आला की म्हणे, आला. दिवसभर वेलदोड्याच्या पुरणात हात घालणाऱ्या बाईला दुसरा कसला वास येणार, हे त्याला एरवी कळलं असतं.

तिने भाकरी पाऊण केली, अर्धी केली. हातपाय वाळले, पातेली उचलताना दंडावर निळे डाग उठू लागले. चरबी अठरा. तिच्या मुलीने, मनवाने, पुण्याच्या वसतिगृहातून फोन करून एकदा हळूच विचारलं, "आई, तू खरंच खातेस का गं?" हेमांगीला सगळ्यात जास्त ते लागलं. कारण मनवाने खरंच विचारलं होतं. आणि ती नाही म्हणाल्यावर मनवाने, बरं, काळजी घे, म्हणून फोन ठेवला होता.

एक गोष्ट मात्र हेमांगीच्या ध्यानात आली होती. ऑपरेशनपासून उज्ज्वलाताईंच्या ताटात तूप नसे. मांड्यावर नाही, भातावर नाही. लोक म्हणत, बघा, धाकटीला खाता येत नाही म्हणून हिनेही सोडलं. हेमांगीलाही तसंच वाटे आणि तिचे डोळे भरून येत.

*

नाशिकच्या रुग्णालयात डॉक्टर सबनीस म्हणून एक तरुण मुलगी नव्याने आली होती. तिने आकडे बघितले, मग हेमांगीचे दंड बघितले, मग परागला औषधं आणायला खाली पाठवलं.

"तुम्ही काही खात नाही," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

दीड वर्षात हे पहिल्यांदा कोणीतरी म्हणत होतं. हेमांगीने शिंक आल्यासारखं करून पदर नाकाशी धरला.

सबनीसने चिठ्ठीच्या मागे एका डब्याचं चित्र काढलं. यकृत म्हणजे घरातली कोठी, ती सांगू लागली. आलेली चरबी तिथे छोट्या छोट्या डब्यांत भरून ठेवतात आणि शरीराला लागेल तशी उघडून देतात. काही माणसांच्या जनुकात एकच अक्षर चुकलेलं असतं. त्यांच्या डब्यांची झाकणं गंजलेली असतात. भरतं, पण उघडत नाही. अशी माणसं पुष्कळ असतात आणि जपून राहिली तर नीट जगतात. पण तेच यकृत दुसऱ्या शरीरात गेलं, वरून रोज या गोळ्यांचा मारा, तर डबे भरतच जातात. खाल्लं तरी भरतात, उपाशी राहिलं तरी भरतात.

"पण माझं जनुक तर तुम्ही तपासलं होतं ना?" हेमांगीने विचारलं.

"तुमचं तपासलंय. तुमचं ठीक आहे." सबनीसने पेन खाली ठेवलं. "तुम्ही तुमच्या आहात, पण त्या यकृतातली एकेक पेशी दात्याची आहे. ती दात्याचीच राहते. मरेपर्यंत."

यापुढे तिला बोलता येत नव्हतं. दात्याचा अहवाल दात्याच्या सहीशिवाय उघडता येत नाही आणि रुग्णाने मागणी केल्याशिवाय दात्याकडे सही मागता येत नाही. पण एक नवं औषध आलंय, ती म्हणाली. एकदाच शिरेतून द्यायचं. ते यकृताच्या पेशींत शिरून चुकलेलं अक्षर दुरुस्त करतं. राज्याला वर्षाला चाळीस माणसांपुरतं मिळतं, ते कोणाला द्यायचं हे एक समिती ठरवते. दोष अवयवात असेल तर नाव वर जातं. दोष सवयीत असेल तर आधी सहा महिने शिस्तीचे, मग बघू. "आणि तुमच्याकडे सहा महिने नाहीयेत. मांस घट्ट व्हायला लागलंय. पुढच्या महिन्यात बैठक आहे. तुम्ही फक्त मागा."

हेमांगी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसली. भुसावळ येईपर्यंत तिला एकच गोष्ट दिसत होती. तूप नसलेलं ताट.

ताईंना माहीत होतं.

*

त्या महिन्यात तिने निदान दहा वेळा विचारायचं ठरवलं. एकदा तर दोघीच शेडमध्ये होत्या आणि ताई खापर पुसत होत्या. ती म्हणाली, "ताई, तुम्ही तूप का हो सोडलंत?" उज्ज्वलाताईंचा हात थांबला. मग त्या म्हणाल्या, वयोमानाने पचत नाही, आणि खापर पुन्हा पुसू लागल्या. खापर स्वच्छच होतं.

दिलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं? साडी असती तर रंग आवडला नाही तरी नेसली असती, आणि छान आहे म्हणाली असती. आणि तिने मागितलं तर काय होणार ते तिला लख्ख दिसत होतं. आत्याबाई म्हणणार, म्हणजे हिने सडकंच दिलं होतं तर. फलक उतरणार. किल्ल्या जाणार. बाई पुन्हा व्हरांड्यात उभी, आणि तिच्या मागे कोण आहे?

समितीची बैठक रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर होती. गोल टेबल, तीन सदस्य, कडेला डॉक्टर सबनीस. घरातून सगळे आले होते. आत्याबाईसुद्धा गुडघे धरत आल्या होत्या. उज्ज्वलाताईंनी सत्काराची शाल पांघरली होती.

समितीचे अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी परागला विचारलं, घरात काय वातावरण आहे. परागने सांगितलं की आम्ही आमच्या परीने सगळं करतो, पण चोवीस तास कोण डोळ्यात तेल घालून बसणार. आत्याबाईंनी सांगितलं की पोर वाईट नाही, जीभ वाईट आहे. उज्ज्वलाताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की मी काय सांगू, मी फक्त आकडे बघते.

मग सबनीस पुढे झुकली. "हेमांगीताई, निर्णय घेण्याआधी समितीकडे तुम्हाला काही मागायचंय का?"

हेमांगीने उज्ज्वलाताईंकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात शालीखाली पोटाशी होता, त्या जागी, जिथे दोघींनाही सारखाच व्रण होता. ताई टेबलाकडे बघत होत्या. हेमांगीने एक श्वास सोडला. दुसरा सोडला. तिसराही. तेवढा वेळ ताईंना होता. सही करते म्हणायला त्याहून कमी लागतो.

"मी खाते," हेमांगी म्हणाली. "चोरून खाते. पातेल्यातलं पुरण. गरम असतानाच, बोटाने."

खोटं बोलायचं तर नीट बोलावं म्हणून तिने गरम आणि बोट घातलं. परागने इतका मोठा सुस्कारा टाकला की एका सदस्याने मान वळवून पाहिलं. आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, कबूल केलं ते बरं केलंस माय. सबनीसने पेनाला टोपण लावलं आणि मग बराच वेळ ते टोपण दाबत राहिली.

अध्यक्षांनी फाइलवर शिस्तभंग लिहिलं आणि सहा महिन्यांची तारीख दिली.

परतताना धुळ्याला सगळे चहाला उतरले. किती दिवसांनी घर असं मोकळं हसत होतं. परागने तिच्या खांद्यावर हात ठेवला, चूक कोणाकडून होत नाही म्हणाला. उज्ज्वलाताईंनी तिच्यासाठी मोसंबं सोललं, एकेक फोड पांढरी साल काढून तिच्या हातावर ठेवली. हेमांगीने दोन फोडी खाल्ल्या, बाकीच्या रुमालात बांधल्या.

*

मग गुळाच्या डब्याला कुलूप लागलं. हेमांगी पुरण शिजवी तेव्हा समोर खुर्ची टाकून आत्याबाई बसत. जपमाळ हातात, डोळे पातेल्यावर. इतकं करून चरबी बावीस झाली. आता ती कुठून चढली असं कोणी विचारलं नाही. कबुली एकदा मिळाली की हिशेब संपतो. लपवली असेल कुठेतरी, म्हणाले, आणि गादीखाली बघितलं.

उज्ज्वलाताईंनी मात्र साक्षीकडे बघणं सोडलं. फोन एकदा हेमांगीला पिठाच्या डब्यात सापडला. तिने झटकून परत दिला तर ताई म्हणाल्या, राहू दे तिथंच.

सहा महिन्यांनी सबनीसने तपासलं. यकृत दगडासारखं झालं होतं. ती म्हणाली, अक्षर आता दुरुस्त करता येईल, पण त्याचा उपयोग नाही, पानच जळून गेलंय. दुसऱ्या प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालते. घातलंही. फाइलवरच्या त्या एका शब्दामुळे ते यादीच्या तळाला गेलं. किती दिवस, हेमांगीने विचारलं. सबनीस म्हणाली, महिन्यांत मोजा. घरी येऊन परागने सगळ्यांना सांगितलं की थोडं बिघडलंय.

*

तोवर अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात अखाजीला माहेरवाशिणी येतात. घागर पुजतात, पितरांना मांडे आणि आमरसाचा नैवेद्य दाखवतात. गेल्या अखाजीला हेमांगी तापाने दवाखान्यात होती, त्यामुळे ऑपरेशननंतर घरची अखाजी तिच्या हातून पहिलीच होत होती. नणंद ललिता नवऱ्यासह आली होती. हेमांगीच्या पोटात पाणी भरलं होतं, डोळे पिवळे, पण पुरण मीच करणार म्हणाली, आणि नाही म्हणायचं कारण कोणाला सुचलं नाही.

पुरण उतरलं. सवयीने उज्ज्वलाताई पातेलं न्यायला पुढे झाल्या.

"तू नको," आत्याबाई म्हणाल्या. "नैवेद्याचं आहे."

नैवेद्याचं पुरण कोणी चाखत नाही आणि नवरा नसलेल्या बाईने त्या पातेल्याला हात लावायचा नाही. इतकी यंत्रं आली तरी ही रीत फैजपूरच्या त्या घरात शाबूत होती. यकृत चाललं होतं, हात चालत नव्हता. उज्ज्वलाताई क्षणभर पातेल्याकडे बघत राहिल्या, काही सांगायचं असल्यासारख्या. मग मागे सरून नुसता खापराखालचा जाळ सारत बसल्या. मांडे हेमांगीनेच झेलले, दोन फाटले.

पंगत बसली. हेमांगी वाढत होती. सगळे खाली मान घालून जेवत होते. रसाच्या वाट्या मात्र लवकर संपत होत्या आणि प्रत्येक जण मांडा रसात बुडवून बुडवून खात होता. ललिताने सहज विचारलं की वहिनीची तब्येत आता कशी आहे.

"कशी असणार?" आत्याबाई म्हणाल्या. "जिभेपुढे कोणाचं चालतंय का. मोठीने पोट कापून दिलं आणि हिने ते खाऊन घालवलं."

हेमांगीने हातातलं ताट खाली ठेवलं. त्यातल्या मांड्याचा एक तुकडा मोडला आणि सगळ्यांच्या देखत तोंडात घातला.

पराग अर्धा उठला. ललिताचा नवरा वाटीत बघू लागला. हेमांगी चावत राहिली. दोन वर्षांनी. आधी गव्हाचा मऊपणा आला, मग खापराचा धूर, मग डाळ, जायफळ. मग ती गोडाची वाट बघत थांबली. ते फार उशिरा आलं आणि जेमतेम आलं.

"गूळ कमी पडलाय," ती म्हणाली.

सगळ्यांचे दोन-दोन मांडे खाऊन झाले होते.

"दोन वर्षं पातेल्यातून खात होतीस," पराग म्हणाला. "आजच कमी लागला होय?"

"आजच नाही, पराग भाऊजी."

उज्ज्वलाताई शेडच्या दारात उभ्या होत्या. हाताला राख, पदर खोचलेला.

"दोन वर्षं कमीच पडतोय. ढेपेचा अंदाज जिभेशिवाय येत नाही. मी मागून घालते. कधी दोन मुठी, कधी तीन. आज मला हात लावू दिला नाही."

आत्याबाईंनी त्यांना आत जा म्हणून खुणावलं. हेमांगीही म्हणाली, राहू द्या ताई. ती खरंच विनवून म्हणाली. पण ताई तिच्याकडे बघतच नव्हत्या. आपल्याच हातांकडे बघत होत्या.

"एक चिमूट जरी चाखली असती तर तिला कळलं असतं. तिनं काहीही खाल्लं नाही. यकृतच माझं तसलं आहे. कापायच्या आधी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, चालेल म्हणाले, पण पुढं त्रास देईल. घरात कोणाला सांगू नका असं मीच म्हणाले. सगळे नको म्हणाले असते."

त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि आत्याबाईंच्या ताटाशेजारी ठेवला. मग पहिल्यांदा हेमांगीकडे पाहिलं.

"आणि समितीपुढं तू खोटं बोललीस ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला बरं वाटलं."